खंडेनवमीची रिंग

दिघे साहेबांनी पिशवीतून तो नग काढला, माझ्या टेबलावरच्या फायलींवर ठेवला आणि विचारलं, "मॅडम, हा तुमचाच ना?"

नगाला लाल चिठ्ठी बांधलेली होती. आमच्या धंद्यात लाल चिठ्ठी म्हणजे कोपरा फाडलेलं पत्र. वाचायच्या आधीच काय ते कळतं.

"आमचाच," मी म्हटलं. "नंबर आमचाच आहे."

"गळतोय. आणि हा एकटा नाही."

दिघे पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीतून आले होते. ती कंपनी रिक्षांचे ब्रेक बनवायची. त्या ब्रेकमधला लोखंडी सिलिंडर शिरोलीच्या एमआयडीसीत मगदूमांच्या कारखान्यात तयार व्हायचा आणि त्याची क्वालिटी माझ्याकडे होती. सिलिंडरचं आतलं भोक ठरल्या मापाचंच लागतं. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढं जरी ते मोठं झालं, तरी आतलं रबर नीट बसत नाही, तेल पाझरतं आणि रिक्षावाला ब्रेक दाबतो तेव्हा पाय नुसता खाली जातो.

दिघे माझ्याहून लहान, सभ्य माणूस होते. आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांची जास्त धास्ती वाटायची.

"सोमवारपर्यंत कारण कळवा," ते म्हणाले. "पटलं तर पुढं चालू. नाही पटलं तर हा पार्ट दुसरीकडं हलवायचं वर ठरतंय. आणि मॅडम, कामगाराचा निष्काळजीपणा असं लिहू नका. माणूस चुकतोच. त्याला सिस्टिमनं चुकू का दिलं, ते लिहा. पाच वेळा 'का' विचारा."

पाच वेळा 'का' विचारायची पद्धत कुठल्या देशातून आली म्हणे. माझी आई दोन 'का'मध्येच खोटं पकडायची, तिला कुणी सर्टिफिकेट दिलं नाही.

मी तो नग घेऊन आण्णांच्या केबिनमध्ये गेले.

आण्णा म्हणजे मालक, बाबगोंडा मगदूम. उद्यमनगरात दुसऱ्याच्या लेथवर टर्नर म्हणून उभे राहिलेले आणि तिथून स्वतःच्या शेडपर्यंत आलेले. केबिनच्या भिंतीवर जोतिबाचा फोटो, शेजारी पहिल्या लेथचा फोटो आणि त्याच्या शेजारी आमचं क्वालिटीचं सर्टिफिकेट, सोनेरी चौकटीत. दसऱ्याला तिघांनाही सारखाच हार. मी नवी असताना एकदा हसले होते, तेव्हा आण्णा म्हणाले होते, "हसू नका चौगुलेबाई. पहिला देव शेताचा, दुसरा पोटाचा आणि ह्यो तिसरा कंपनीचा. तिसरा सगळ्यात कडक हाय."

त्यांनी नग हातात घेतला, भोकात अंगठा फिरवला, चिठ्ठी वाचली. मग नगावरचा शिक्का बघितला. तपासून सोडणाऱ्याचा शिक्का येजऱ्यांचा होता.

"येजऱ्याला बोलवा."

दिनकर येजरे आमच्या गेज-रूमचे माणूस. मापाची सगळी हत्यारं त्यांच्या ताब्यात. खरं सांगायचं तर माझं आणि त्यांचं फारसं पटायचं नाही. तोंडाळ माणूस. तंबाखू खाऊन 'वेलदोडा आहे' म्हणायचा, स्वतःच्या कपाला कुणी हात लावला तर दिवसभर कुरकुरायचा, आणि मी तिथं रुजू झाले तेव्हा सगळ्यांदेखत मला 'कालची पोर' म्हणालेला. पण न मोजता त्यांनी नगावर शिक्का मारला, असं मला कधीच वाटलं नसतं.

येजरे आले. हातातलं फडकं तसंच होतं.

"दिनकर, ह्यो तुझ्या हातनं गेलाय," आण्णा म्हणाले.

"गेजवर बघूनच सोडलाय, आण्णा."

"मग गळतोय कसा?"

"ते मला कसं म्हाईत असणार?"

"डोळं चालंनात तुझं. ऑपरेशन केल्यापास्नं बघतोय मी. कंपनीला उत्तर जाऊस्तवर घरी बस."

"आणि उत्तर गेल्यावर?"

"बघू."

"बघू म्हंजे काय, आण्णा?"

"बघू म्हंजे बघू."

येजऱ्यांनी फडक्याची घडी केली, ती टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेले. आदल्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला. थोरली लेक दोन पोरांना घेऊन माहेरी आलेली, ती परत जायचं चिन्ह नव्हतं. आणि ब्रेकच्या नगापायी घालवलेला तपासणीस म्हटल्यावर शिरोलीत काय, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतही कुणी त्यांना दारात उभं केलं नसतं. एमआयडीसीत बातमी चहावाल्याच्या आधी पोचते.

"आण्णा, हे काही कारण झालं नाही," मी म्हटलं. "एअर गेजचा काटा केवढा मोठा असतो. डोळ्यांचा काय संबंध?"

"मग तुमी कारण आणा," आण्णा म्हणाले. "तवर त्यो घरी."

मी कारण शोधायला लागले. मशीन तपासलं, ठीक होतं. भोक पाडायची टूलं बघितली, ठीक होती. मग परत आलेले नग आमच्याच एअर गेजवर लावले. काटा प्रत्येक वेळी हिरव्या पट्ट्यात. गळणारा नग आमच्या गेजला अगदी निरोगी वाटत होता.

मग मी गेजकडंच वळले.

एअर गेज हवेच्या दाबावर भोक मोजतो, पण त्याला स्वतःची अक्कल नसते. रोज सकाळी त्याला एका पोलादी रिंगेवर बसवून शिकवावं लागतं, की बाबा रे, एवढं म्हणजे बरोबर. त्या रिंगेला मास्टर म्हणतात. कारखान्यात सगळं एकमेकांवर तपासलं जातं, मास्टर मात्र कुणी तपासत नाही. वर्षातून एकदा ती बाहेरच्या लॅबमध्ये जाते आणि डबीवर तारखेचं स्टिकर घेऊन येते. आमच्या डबीवरचं स्टिकर अजून चांगलं चालू होतं. पण स्टिकर डबीवर असतं, रिंगेवर नाही. आणि रिंगच चुकली, तर गेज बिचारा इमानेइतबारे चुकत राहतो.

मी रिंग रुमालात गुंडाळली आणि स्कूटर उद्यमनगरातल्या लॅबकडं वळवली. लॅबवाल्यानं दोनदा मोजलं. मग भिंग लावून आत बघितलं आणि मला जवळ बोलावलं.

"मॅडम, माप मोठं झालंय. झिजून न्हाई. आतनं कुणीतरी घासलंय. ह्या बारीक रेघा दिसत्यात का? पॉलिश पेपरच्या हायत."

"पॉलिश पेपर? मास्टरला?"

"आता मास्टर म्हणू नका हिला. पेपरवेट म्हणून वापरा."

शिरोलीला परतताना मी सबंध रस्ता स्वतःशीच बोलत होते. मास्टरला पॉलिश पेपर लावणं म्हणजे देवाचे डोळे खरवडण्यासारखं. आमच्याकडं ते कोण करील? शिकाऊ माणसाला गेज-रूममध्ये येऊ देत नसत. किल्ली येजऱ्यांकडं. म्हणजे शेवटी आण्णांचंच खरं ठरणार, डोळ्यांनी नाही तर हातांनी. मला ते नको होतं. का नको होतं कुणास ठाऊक, पण नको होतं.

संध्याकाळी मी टोप गावात येजऱ्यांच्या घरी गेले. ते अंगणात खाटेवर बसून नातवंडांच्या सायकलची साखळी बसवत होते. मला बघून उठले नाहीत.

"डोळं तपासायला आलाय काय?"

"रिंग आतून घासलीय, मामा," मी म्हटलं. "पॉलिश पेपरनं. लॅबमध्ये नेली होती."

त्यांचे हात साखळीवर थांबले. त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली.

"तुम्ही घासली?"

"मी?" ते म्हणाले. "मास्टरला? मला काय खूळ लागलंय?"

"मग कोण?"

त्यांनी तंबाखूची पुडी काढली, परत ठेवली.

"सांगा की," बायको म्हणाली. "आता घरात बसून कुणाची अब्रू राखायलाय?"

"तू आत जा."

"मी कशाला जाऊ? रोज रातचं मला सांगून झालंय. आता बाईंना सांगा."

येजऱ्यांनी साखळी सोडून दिली आणि हात पुसले.

"खंडेनवमीला आण्णा गेजची पूजा करत्यात, तुमाला म्हाईतच हाय. सगळ्या हत्यारांस्नी हळदकुंकू. पूजा झाली की हत्यार उचलायचं न्हाई, दसरा हुईस्तवर जाग्यावरनं हलवायचं न्हाई. त्यांच्या बापाचा रिवाज. बाकीची हत्यारं ठीक हुती, बाहेरनं टिकली लावल्याली. रिंगेला मात्र आण्णा आतनं बोट फिरवत्यात. ओल्या कुंकवाचं. मी दरसाल म्हणायचो, आतनं नगं आण्णा. तर म्हणायचे, देवाच्या पोटात बघून पूजा करावी."

"आणि कधी गंजाचा डाग पडला नाही?"

"दरसाल मी तेल लावून ठेवायचो. अवंदा माझा डोळा पाणी गाळत हुता, तुमीच मला दुपारी घरी पाठवलं. तेल ऱ्हायलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर खोलीचं दार त्यांच्याकडल्या किल्लीनं उघडून आण्णा आत. रिंग हातात, बोटाला पॉलिश पेपर गुंडाळल्याला. तोंडानं गुणगुणत हुते. मला बघून म्हणाले, दिनकर, डाग पडला हुता रं, आज ऑडिटवाले येणार, लाज काढली असती. बघ आता, कशी आरशागत झाली."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत."

"काय बोलू? त्या हातानं मला मायक्रोमीटर धरायला शिकवलंय, मॅडम. मला वाटलं, दोन हात फिरवलं असतील. काटा सरळ लागला. मालकानं मालकाची वस्तू पुसली, मी कोण?"

"आणि परवा त्यांनी तुम्हालाच घरी बसवलं, तेव्हा?"

"ते इसरून गेल्यात," येजरे म्हणाले. "त्यांनी वाईट काम केलं न्हवतं. चांगलं काम कोण ध्यानात ठेवतंय?"

मी उठले तेव्हा मला सगळ्यांचाच राग आलेला होता. आण्णांचा, येजऱ्यांचा, त्या कुंकवाचा. त्यात वाईट कुणीच नव्हतं, म्हणून राग कुठं ठेवावा तेही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिघ्यांचा फोन आला.

"मॅडम, झालं का काही? हे बघा, मी ऑफिशियली बोलत नाही. तुमच्या तपासणिसाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय असं ऐकलं. डोळे तपासायची पद्धत नव्हती, आता सुरू केली, त्या जागी नवा माणूस नेमला, एवढं लिहा. सिस्टिमचं कारण आहे, मी पास करतो. परत आलेल्या लॉटपुरतं मिटेल."

"आणि ते खरं नसलं तर?"

"वेगळं काही सापडलंय का?"

"सापडलं तर ते त्या एका लॉटपुरतं नसेल," मी म्हटलं. "दसऱ्यापासूनचे सगळे नग आले त्यात."

"म्हणजे रस्त्यावर गेलेल्या गाड्यापण," दिघे हळू आवाजात म्हणाले. "मॅडम, विचार करून लिहा. तुम्ही लिहिलंत की मला झाकता येणार नाही."

ते दोन्ही मी घेऊन आण्णांकडं गेले. एका हातात रिंग, दुसऱ्या हातात दिघ्यांनी सुचवलेलं कारण. केबिनचं दार लावून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लावलं असेल, आण्णांनी लगेच चष्मा काढला.

"सापडलं?"

"सापडलं."

"येजऱ्या?"

"नाही, आण्णा." मी रिंग त्यांच्यासमोर ठेवली. "ही आतून घासली गेलीय. पॉलिश पेपरनं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी."

ते रिंगेकडं बघत राहिले. मी पुढचं वाक्य घरून पाठ करून आले होते, ते तोंडातून निघेना. निघायची गरजही पडली नाही. त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर आपोआप फिरायला लागला होता, पेपर गुंडाळलेला असावा तसा.

"डाग पडला हुता," ते म्हणाले.

"हो."

"कुंकवाचा."

"हो, आण्णा."

त्यांनी रिंग उचलली, खिडकीकडं धरली आणि एक डोळा मिटून तिच्यातून बाहेर बघितलं. बाहेर आमचाच टेम्पो नग भरून उभा होता.

"लेथवर हुतो तवा उस्ताद म्हणायचा, चकाकलं म्हंजे झालं असं न्हाई. पोरांस्नी मीबी तेच सांगत आलो." त्यांनी रिंग खाली ठेवली. "दिनकरला ठाव हुतं?"

"त्यांनी बघितलं होतं."

"आणि तरी मला बोलला न्हाई."

ते उठून खिडकीशी गेले, टेम्पोवाल्याला हातानंच थांब अशी खूण केली आणि परत येऊन बसले. मग मी त्यांना दिघ्यांचा फोन सांगितला. सगळा सांगितला, काही ठेवलं नाही. डोळ्यांचं कारण लिहिलं तर ऑर्डर राहील, कारखाना राहील, सगळ्यांच्या चुली राहतील. येजरे मात्र जातील, आणि रस्त्यावरच्या रिक्षा तशाच फिरतील. खरं लिहिलं तर येजरे राहतील, रिक्षा परत बोलावल्या जातील आणि पुढचं काही सांगता येत नाही.

"तुमाला काय वाटतं?" आण्णांनी विचारलं.

"मला विचारू नका," मी म्हटलं. खरंच मला ते नको होतं. माझंही घर त्याच पगारावर चालायचं.

"त्या रिक्षात शाळंची पोरं असत्यात," ते म्हणाले. "दाराला दप्तरं लटकवून. तुमी बघितल्यात न्हवं?"

"बघितल्यात."

"मग लिवा. मालकानं घासली म्हणून लिवा."

"नाव लिहायचं नसतं, आण्णा. सिस्टिम लिहायची असते. मास्टर हाताळायला कुणाला परवानगी आहे, ते ठरलेलं नव्हतं, असं."

"मग ते ठरवा. गेज-रूममधी कुणी यायचं, त्यांची नावं दारावर लिवा. त्यात माझं नाव नगं."

"तुमचं नाव घालता येईल. ट्रेनिंग झालं असं दाखवून..."

"नगं म्हटलं न्हवं मी?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला, आणि लगेच उतरला. "ज्याच्या हातनं झालं त्यानं बाहेर ऱ्हायचं. दिनकरलाबी मी तेच लावलं हुतं. मला येगळं कशाला?"

त्या दिवशी दुपारी आण्णा गाडी काढून स्वतः टोपला गेले. तिथं काय बोलणं झालं, मला माहीत नाही. येजरे त्यांच्या शेजारी बसून आले, एवढं सगळ्यांनी बघितलं. गाडीतून उतरल्यावर आण्णा त्यांना म्हणाले, "चा घेतलास का?" आणि येजरे म्हणाले, "घेतला की तुमच्याबरोबरच."

मी रिपोर्ट लिहिला. हळदकुंकू, खंडेनवमी, पूजेनंतर हत्यार न हलवायचा रिवाज, पॉलिश पेपर, सगळं त्यात आलं. पाचव्या 'का'पर्यंत पोचले तेव्हा उत्तर असं होतं, की आम्हाला त्या रिंगेबद्दल फार आदर होता. ते तसंच कसं लिहायचं? 'मास्टरच्या हाताळणीबाबत लेखी सूचना नव्हती' असं लिहिलं.

गेज-रूमच्या दारावर पत्र्याची पाटी लागली. परवानगी असलेल्यांची नावं, खाली 'इतर कोणासही प्रवेश नाही, मालकांसही नाही.' शेवटचे शब्द आण्णांनी स्वतः रंगाऱ्याला सांगून घातले.

सोमवारी दिघे आले. रिपोर्ट उभ्यानंच वाचला, मग बसून परत वाचला.

"मॅडम," ते म्हणाले, "इतका खरा रिपोर्ट मी आजवर वाचलेला नाही." त्यांनी आण्णांशी हात मिळवला आणि हात सोडायला उशीर केला. मला वाटलं, जमलं. त्या एका दुपारी मला अगदी तसंच वाटलं. येजऱ्यांनी मला स्वतःच्या कपातून चहा दिला.

कंपनीनं रिक्षा परत बोलावल्या, सिलिंडर बदलले. कुणाला इजा झाल्याचं कानावर आलं नाही. आमच्यावरच्या तक्रारीच्या कागदावर 'समाधानकारक' असा शिक्का बसला. आणि उन्हाळा लागायच्या आत त्यांच्या खरेदी खात्याचं पत्र आलं की, हा पार्ट यापुढे दुसऱ्या व्हेंडरकडे दिला आहे.

मी दिघ्यांना फोन लावला. "तुम्ही पास केलं होतंत."

"क्वालिटीनं पास केलंय, मॅडम. खरेदी वेगळं खातं आहे. तिथं फक्त एवढं बघतात, की कुणामुळं गाड्या परत बोलवाव्या लागल्या." मग म्हणाले, "तुमचा रिपोर्ट आम्ही सगळ्या व्हेंडरना ट्रेनिंगमध्ये दाखवतो. कारण कसं शोधावं म्हणून. नाव झाकलंय तुमचं."

मी फोन ठेवला. इतका चांगला माणूस, शिवी तरी कशी द्यायची.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. आण्णांनी दुसरी कामं शोधली. पण एका मोठ्या कंपनीनं हात काढला की बाकीच्यांना त्याचं कारण नको असतं. एकेक मशीन झाकलं गेलं. माणसं दोन-दोन, तीन-तीन करून कमी झाली. जाणारा माणूस आण्णांच्या पाया पडायचा आणि आण्णा भिंतीकडं बघायचे. येजऱ्यांचा नंबर श्रावणात आला. मोजायलाच काही उरलं नव्हतं, तर मोजणाऱ्याला कुठून ठेवणार?

मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "मामा, निदान तुमच्यावरचा डाग गेला."

ते तंबाखू मळत होते. मळून झाली, तोंडात टाकली, या वेळी वेलदोडा म्हणाले नाहीत.

"मॅडम, राग मानू नका," ते म्हणाले. "डोळं अधू म्हणून मला काढलं असतं, तर मी एकटा गेलो असतो."

आजही त्या रिक्षांमधली पोरं मी डोळ्यांपुढं आणते, पण त्यांचे चेहरे मला माहीत नाहीत. येजऱ्यांचा माहीत आहे.

खंडेनवमी आली. शेडमध्ये आम्ही मोजकी माणसं होतो. मशीनं बहुतेक ताडपत्रीखाली, त्यांना आण्णांनी ताडपत्रीवरूनच गंध लावलं. दरवर्षीसारखा पांढरा सदरा घातला होता. गंध लावत लावत गेज-रूमपाशी आले आणि दारात थांबले. हातात हळदकुंकवाचं ताट.

मी आत होते. नवी रिंग आणलेली, तिची डबी टेबलावर. त्या रिंगेवर एकही माप घ्यायचं काम उरलेलं नव्हतं.

"या आण्णा, आत या," मी म्हटलं. "आता कोण विचारणार आहे?"

"पाटी हाय न्हवं."

"पाटी कंपनीसाठी होती. कंपनी गेली."

"कंपनी गेली म्हणून लिवल्यालं खोटं हुतंय व्हय?"

"मग रिंग बाहेर आणते. इथं दारात करा पूजा."

"नगं. ती खोलीच्या बाहेर काढायची न्हाई, तेबी तुमीच लिवलंय."

ते तसेच उभे राहिले, उंबऱ्याच्या अलीकडे, स्वतःच्याच कारखान्यात. मला तेव्हा त्यांना हाताला धरून आत ओढावंसं वाटलं. ओढलं नाही. मग त्यांनी ताट डाव्या हातात घेतलं, बोट ओल्या कुंकवात बुडवलं आणि दारावरच्या पाटीलाच हळदकुंकू लावलं, नेमकं 'मालकांसही नाही' या अक्षरांच्या वर. हात जोडले आणि पुढं गेले.

पाटी साध्या पत्र्याची होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा कुंकवाखाली तांबूस डाग धरला होता. टेबलाच्या खणात पॉलिश पेपर पडलेला होता. मी खण लावून टाकला. पुढं शेड विकली गेली, तोवर ती पाटी तशीच होती आणि तो डाग कुणी पुसला नाही.